सव्वादोन वर्षांचं मूल जेवत नाही? आधी दुधाच्या बाटल्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगा २६ महिन्यांचा, वजन ११.६ किलो, दिवसभर फक्त पांढरा भात, केळं, बिस्किटं आणि दूध, डाळ-भाजी-अंडं काहीही समोर आलं की तोंड फिरवतो, मोबाईल लावून तासतासभर मागे फिरावं लागतं, आजी म्हणते वाळला, आणि तुम्हाला हवीय हेल्दी जेवणाची आणि खाऊची लिस्ट, जमलं तर भूक वाढवायचं एखादं सिरप. लिस्ट देते, पण खाली. मी १९ वर्षं लहान मुलांच्या आहाराचंच काम करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांच्या फोनमध्ये रेसिप्यांचा ढीग आधीच सेव्ह केलेला असतो. रेसिपी कमी पडली म्हणून मूल जेवत नाही असं मला फार क्वचित दिसलंय. कमी पडलेली असते ती भूक.

तुम्ही दुधाचा उल्लेख अगदी जाताजाता केलाय, "दूध मात्र चार बाटल्या पितो, तेवढाच आधार". तिथेच थांबू आपण. २४० मिलीच्या चार बाटल्या म्हणजे ९६० मिली, जवळजवळ लिटरभर. फुल फॅट दुधात १०० मिलीला साधारण ६० ते ६५ कॅलरी धरा, म्हणजे नुसत्या दुधातून सहाशेच्या आसपास झाल्या. या वजनाच्या मुलाची दिवसाची गरज ढोबळमानाने ९०० ते १०००. त्यावर एक केळं, चारसहा बिस्किटं, दोन वेळचे भाताचे चारचार घास, झाली की बेरीज पूर्ण! तो उपाशी नाहीये हो ताई, त्याचं पोट भरलेलंय, आणि भरल्या पोटी कोणी पालकाची भाजी पुढे केली तर तुम्ही तरी हात लावाल का.

दुसरं म्हणजे त्याला आता पूर्वीइतकं लागतच नाही, हे कोणी सांगत नाही आणि मग आईचा जीव वरखाली होत राहतो. पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ किलो. दुसऱ्या अख्ख्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, आणि त्यानंतर वर्षाला साधारण दोन. वाढीचा वेग असा धाडकन खाली आला की भूकही खाली येणारच. म्हणून "दहा महिन्यांचा असताना वाटीभर खायचा, आता बघा" ही तक्रार मला रोज ऐकू येते आणि ती खरीच असते, फक्त त्यात बिघडलेलं काही नसतं. तुमच्या मुलाचं वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर सरासरीच्या खाली आहे पण नॉर्मल पट्ट्यात आहे. एकट्या आकड्यावरून मी तरी काही ठरवत नाही, मागच्या वर्षभरातली चारपाच वजनं त्या तक्त्यावर मांडा, रेघ आपल्या वाटेने वर जातेय की आडवी पडलीय ते बघा. आजीच्या नजरेपेक्षा त्या रेघेवर विश्वास ठेवा (आजीला सांगताना जरा वेगळ्या शब्दांत सांगा).

एक प्रसंग सांगते. एक आई आली होती, मुलगी दोन वर्षांची, "दोन दिवस अन्नाचा कण नाही पोटात" असं म्हणत. मी वही काढली आणि म्हटलं कालच्या सकाळपासून तिच्या तोंडात गेलेलं सगळं सांगा, पाणीसुद्धा. आधी दूध, दूध, दूध. मग "हां, आजोबांबरोबर चहात बुडवून दोन बिस्किटं". मग "ते काय खाणं नव्हे, पण ज्यूसचा एक छोटा डबा". मग गाडीत शांत बसावी म्हणून चिप्स, शेजारच्या ताईंनी दिलेला केक, झोपताना बाटली. आणि हे लिहून होईपर्यंत मुलगी आईच्या पर्समधून काढलेलं बिस्किट माझ्यासमोर कुरतडत बसलेली! शेवटी आईलाच हसू आलं. तुम्हीही दोन दिवस असं लिहून काढा, खरंखुरं, घरातल्या प्रत्येकाला विचारून. हे काम कंटाळवाणं आहे पण माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

आता दूध कमी कसं करायचं. या वयात दिवसाला ३५० ते ४५० मिली पुष्कळ झालं, आणि त्यात दहीसुद्धा धरा. ७०० मिलीच्या वर दूध पिणाऱ्या मुलांमध्ये लोहाची कमतरता आम्हाला वारंवार दिसते, कारण दुधात लोह जवळपास नसतंच, लिटरभर दुधात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि या वयाची रोजची गरज ७ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. वर दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही ते वेगळंच. आणि यातली खरी मेख अशी की लोह कमी झालं की भूक आणखी मरते, मग मूल आणखी कमी खातं, मग आपण घाबरून आणखी दूध देतो.

सगळ्या बाटल्या एका दिवसात बंद करायला जाऊ नका, घरात रणधुमाळी होईल. पहिली काढायची ती सकाळी दहा-अकराची, कारण दुपारचं जेवण तीच खाते. चार दिवस तिच्या जागी कपातून पाणी आणि सोबत खाऊ. मग संध्याकाळची. झोपतानाची सगळ्यात शेवटी, ती फार जिव्हाळ्याची असते, पण काढायची मात्र नक्की कारण दात घासल्यानंतर रात्रभर दूध दातांवर राहिलं की पुढचे दात किडतात. आणि जे दूध उरेल ते कपात, जेवणासोबत किंवा जेवणानंतर. बाटली खरं तर दीड वर्षाच्या आत सुटायला हवी होती पण ठीक आहे, आता सोडू. पहिला आठवडा तो चिडेल, जेवणार तर नाहीच वर दूधही मागेल, आणि घरात कोणीतरी म्हणेल की "आता दूधही बंद केलं लेकराचं". हा आठवडा काढायचाय. तापात, दात येताना, घर बदलताना किंवा धाकटं भावंड येणार असताना मात्र हे सुरू करू नका.

भुकेला जागा झाली की मग वेळा. तीन जेवणं आणि मध्ये दोन खाऊ, प्रत्येकात अडीच-तीन तासांचं अंतर, उदाहरणार्थ सकाळी आठ, साडेदहा, एक, चार, सात. तुमच्या घराच्या वेळा वेगळ्या असतील तर तुमच्या धरा, अंतर तेवढं पाळा. मध्ये फक्त पाणी. फक्त पाणी म्हणजे फक्त पाणीच, "एकच बिस्किट" नाही, कारण या वयाच्या पोटाला एक बिस्किट म्हणजे जेवणाचा चांगला मोठा तुकडा आहे. जेवण २० ते ३० मिनिटं, त्यानंतर ताट शांतपणे उचलायचं. खाल्लं नाही तरी. पुढची वेळ अडीच तासांवरच आहे, तोवर काहीही होत नाही.

इथे सगळ्या आयांचा चेहरा पडतो. "म्हणजे उपाशी ठेवू?" उपाशी नाही ठेवायचं, दर अडीच तासांनी समोर अन्न येतंय आणि त्यात दरवेळी त्याला नक्की आवडणारी एक तरी गोष्ट आहे. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची फार सोपी वाटणी करून ठेवलीय आणि जगभर आम्ही लोक तीच वापरतो: काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडून घोळ असा होतो की आपण दोन्ही बाजूंनी उलटं करतो. काय खायचं ते त्याला विचारतो ("काय देऊ राजा, भात देऊ की केळं देऊ?") आणि किती खायचं ते आपण ठरवतो ("हे चार घास संपव").

मुलाला किती खायचं ते कळतं यावर विश्वास बसत नाही ना? साहजिक आहे. १९२० आणि ३०च्या दशकांत क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता, आज तसा करू देणार नाहीत कोणी. नुकतंच वरचं अन्न सुरू व्हायच्या वयाची एकूण १५ मुलं, ३४ प्रकारचे पदार्थ, आणि नर्स चमचा हातात घेऊन गप्प बसायची. मुलाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच त्या वाटीतला घास, तोही तोंड उघडलं तर. शाबासकी नाही, आग्रह नाही. मुलांनी काय वाट्टेल ते खाल्लं, कोणी सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी, कोणी रात्री अंडी, केळी आणि दूध, दोघांचं खाणं एकसारखं कधी नव्हतंच, पण मुलं छान वाढली. मात्र यातली गोम डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलीय, त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, सगळं साधं, धड अन्न होतं. म्हणजे मुलाची निवड चालली कारण मांडणी मोठ्यांच्या हातात होती. ३४ मध्ये चॉकलेट ठेवलं असतं तर शोधनिबंध वेगळा लिहावा लागला असता.

आणि १९९१ साली छापलेल्या आणखी एका अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं सहा दिवस मोजलं, तर एकेका जेवणात चढउतार प्रचंड, जवळपास ३४ टक्के, पण दिवसाची बेरीज मात्र फक्त १० टक्क्यांनी इकडेतिकडे. दुपारी दोन घास खाणारा संध्याकाळी भरून काढतो, फक्त आपण दुपारच्या दोन घासांनीच हवालदिल होऊन साडेतीनला बाटली देऊन टाकतो.

जबरदस्तीबद्दल. मला माहितेय की ती प्रेमापोटी होते. पण एका प्रयोगात नर्सरीतल्या मुलांना सूप दिलं, एका वेळी नुसतं समोर ठेवलं आणि एका वेळी "सूप संपव बरं" असं मोठी माणसं सांगत राहिली, तर आग्रह झाला तेव्हा मुलांनी कमी सूप प्यायलं आणि सुपाला नावंही जास्त ठेवली. मला यासाठी प्रयोग वाचायची गरज नव्हती खरं तर. माझी स्वतःची मुलगी दोन वर्षांची असताना मी दिवसभर दुसऱ्या मुलांच्या आयांना हे सगळं शहाणपण सांगून घरी यायचे आणि रात्री तिच्यापुढे चमच्याचं विमान उडवायचे. ती घास तोंडात घ्यायची आणि गालात धरून बसायची, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, डोळे माझ्या डोळ्यात. एकदा आंघोळीच्या वेळी तिच्या गालातून रात्रीच्या जेवणातला बटाटा निघाला. त्या दिवशी मी विमान बंद केलं. आता ती सोळा वर्षांची आहे आणि सगळं खाते, बटाटा सोडून.

तेव्हा "एकच घास", "आईसाठी एक", "संपवलंस तर चॉकलेट", "बघ दादाने कसं खाल्लं", आणि "व्वा शाब्बास, भाजी खाल्ली!" हे सगळंच बंद. हो, शाबासकीसुद्धा. शाबासकीतून मुलाला एवढंच कळतं की ही भाजी काहीतरी अवघड काम आहे, नाहीतर टाळ्या कशाला वाजवल्या असत्या. गोडाचं लालूच तर अजिबात नको, त्याने गोडाचा भाव वाढतो आणि भाजीचा पडतो. घरात कधी गोड असेलच तर छोटासा तुकडा जेवणासोबतच ताटात ठेवून द्या, आधी खाल्ला तरी चालेल, दुसरा मात्र नाही. मोबाईलही जाणार. मोबाईलपुढे जेवणारं मूल जेवत नसतं, ते गिळत असतं, त्याला चव, वास, पोट भरल्याची जाणीव काहीच कळत नाही. मोबाईल काढल्यावर चारपाच दिवस तो आधीपेक्षा कमी खाईल, तेवढे धरूनच चाला.

बोलायचंच असेल तर अन्नाबद्दल बोला, खाण्याबद्दल नको. "हे गाजर दाबलं की मऊ लागतं." "मटार पळाला बघ." एवढंच.

आता तो हेच चार पदार्थ का निवडतो, ते सांगते, कारण ते कळलं की राग जातो. साधारण दोन ते सहा या वयात नव्या अन्नाची भीती सगळ्यात जास्त असते. मूल चालायला लागलं, आईच्या नजरेआड जायला लागलं, मग दिसेल ते तोंडात घालणारं मूल जगणार कसं, तेव्हा ही भीती शरीरानेच बसवलेली आहे असं मानतात. कडू चव लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त बोचते, आणि काहींना तर जन्मजातच जास्त, म्हणून हिरव्या भाज्या पहिल्या बाद होतात. त्यात दाढा. मागच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात, तोवर पालेभाजी टाळूला चिकटते, मांसाचा घास चघळून चघळून चोथा होतो. आणि बिस्किट? बिस्किट कधी दगा देत नाही. पहिला घास जसा तसाच शेवटचा, कालचं तसंच आजचं. द्राक्ष मात्र एक गोड, एक आंबट, एक पिचपिचीत. पांढरा भात, केळं, बिस्किट, दूध, तुमच्या मुलाची यादी बघा, सगळं फिकट, मऊ, एकसारखं. त्याला चव नकोय असं नाही, त्याला खात्री हवीय.

ती खात्री वारंवार भेटीने येते. नवा पदार्थ स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि आपण तीन वेळात "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे. भेट म्हणजे खाणंच नव्हे. एका मुलाचं मी बघितलेलं सांगते, मटार. पहिल्या दिवशी ताटात दोन मटार बघून रडला. आठवड्याने त्याने एक मटार बोटाने टेबलावर ढकलत नेला, काठावरून पाडला आणि वाकून बघितलं कुठे गेला ते. मग कधीतरी अंगठ्याने चिरडला, साल एकीकडे, हिरवा गर एकीकडे, गर नाकाला लावला. मग जिभेच्या टोकाने चाटून तोंड इतकं वाकडं केलं की मी हसू दाबून बसले. मग तोंडात घालून थुंकला. मग थुंकला. मग परत थुंकला. आणि मग एक दिवस आईशी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलताना चार मटार खाऊन गेला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. दीड महिना लागला याला. म्हणून ताटाशेजारी एक रिकामी वाटी ठेवा, नको असेल ते त्यात काढायचं, थुंकायलाही परवानगी. बाहेर काढता येतं हे माहीत असेल तरच मूल आत घालायचं धाडस करतं.

वाढताना अगदी कमी वाढा. वयाच्या वर्षामागे एक मोठा चमचा, प्रत्येक पदार्थाचा, म्हणजे त्याला दोन. नवीन पदार्थ तर वाटाण्याएवढाच. आपण मोठ्यांचं ताट डोळ्यासमोर ठेवून वाढतो आणि मूल ते बघूनच हरतं.

त्याच्या भातापासूनच सुरुवात करा. पण डाळ भातात कालवून नका देऊ, आणि भाजी किसून भातात लपवू तर अजिबात नका, तो पकडणार आणि मग भातावरचाही विश्वास जाणार, ज्या मुलाकडे चारच पदार्थ आहेत त्यातला एक गमावणं परवडत नाही. भात भातासारखा ठेवा, शेजारी वेगळ्या वाटीत दाट डाळ, स्वतःहून बोट बुडवलं तर बुडवलं. आठवड्याभराने भाताच्या एका कोपऱ्याला चमचाभर डाळ. केळ्याचं तसंच, आज केळं, परवा केळ्याच्या कापावर शेंगदाण्याच्या बटरचा पातळ हात (शेंगदाणा आधी कधी दिला नसेल तर थेंबापासून सुरू करा, आणि घरात ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून), मग केळं, अंडं आणि ओट्स घोटून केलेले छोटे पॅनकेक. बिस्किटाकडून कडक भाजलेल्या टोस्टच्या पट्टीकडे, टोस्टकडून टोस्टवर चोळलेल्या चण्याच्या पेस्टकडे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चव किंवा आकार किंवा रंग.

बसवता कशावर तेही बघा, लोक याला फार हलक्यात घेतात. उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून तुम्हीच दहा मिनिटं जेवून बघा, चुळबुळ सुरू होते. मुलाच्या पायाखाली काहीतरी टेकू हवा, खोका ठेवा, पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, आणि टेबल त्याच्या कोपराच्या उंचीला. निम्मी पळापळ यानेच थांबलेली मी पाहिलीय. आणि घरातलं एक तरी माणूस त्याच्यासोबत तेच जेवत असलं पाहिजे, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे, असं नको.

आता तुमची लिस्ट. खाऊ म्हणजे छोटं जेवणच समजा, दर खाऊत एक पदार्थ जडसर, म्हणजे अंडं, दही, डाळ, चणे, राजमा, चीज, शेंगदाण्याचं बटर, मासा किंवा चिकन जे घरात खात असाल ते, आणि एक फळ किंवा भाजी. उकडलेल्या अंड्याच्या फोडी आणि पिकलेलं पेअर. दह्यात कुस्करलेला आंबा किंवा बेरी, साखर न घालता. भाजलेल्या रताळ्याच्या पट्ट्या, चाटायला दही. मऊ शिजवून ठेचलेला राजमा टोस्टवर. बोटांनी चिरडतील इतके मऊ उकडलेले गाजराचे तुकडे आणि चीज. डाळ आणि बटाट्याच्या छोट्या टिक्क्या. ऑम्लेटच्या पट्ट्या, आत बारीक चिरलेला टोमॅटो. यातलं सातआठ प्रकार आलटून पालटून पुरे, रोज नवीन करत बसाल तर तुम्ही दमाल आणि दमलेल्या माणसाला नकार फार लागतो.

लोहाचे पदार्थ रोज दोनदा तरी समोर येऊ द्या, आणि डाळी-चण्यांसारख्या शाकाहारी लोहासोबत काहीतरी आंबट, संत्रं, टोमॅटो, लिंबू, पेरू, कारण क जीवनसत्त्वाने ते लोह जास्त शोषलं जातं. चहा बंद, एक घोटही नको, तो लोह अडवतो. प्रोटीनची काळजी मात्र सोडा. या वयाला दिवसाला साधारण १३ ग्रॅम लागतं, ४०० मिली दूधच तेवढं देतं, तेव्हा प्रोटीन पावडरीचे डबे घेऊ नका. हेल्दीचा मोठ्यांचा अर्थही इथे लावू नका. दोन वर्षांच्या आत तर स्किम दूध, बिनतेलाचं, नुसता कोंडा असलं काही नकोच, आणि त्यानंतरही या छोट्या पोटात कमी जागेत जास्त ताकद जायला हवी, म्हणून भाजीवर चमचाभर तेल, तूप, बटर खुशाल घाला. ज्यूस शक्यतो नकोच, द्यायचाच तर दिवसाला १२० मिलीच्या आत आणि कपातून. फळ चावून खाऊ दे.

आणि हे नीट वाचा: अख्खे शेंगदाणे, बदाम, काजू चार-पाच वर्षांपर्यंत नाहीत, पूड किंवा पेस्ट करून. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. पॉपकॉर्न, कडक गोळ्या, कच्च्या गाजराचे तुकडे, सॉसेजच्या गोल चकत्या नाहीत. शेंगदाण्याचं बटर चमच्याने गोळा म्हणून देऊ नका. धावताना, हसताना, गाडीत मागच्या सीटवर एकट्याला खायला देऊ नका. उबळ येऊन खोकला, आवाज, लाल चेहरा, हे बहुतेक वेळा मूल स्वतः निस्तरतं. खरं गुदमरणं मात्र शांत असतं, आवाज येत नाही, म्हणून खाताना नजर हवी. त्यासाठीचा प्रथमोपचार घरातल्या दोघांनी शिकून ठेवा.

सिरपचं. भुकेच्या सिरपांमध्ये बऱ्याचदा सायप्रोहेप्टाडीन असतं, ते मुळात ॲलर्जीचं औषध आहे, त्याने झोप येते, भूक थोडी वाढते आणि बंद केलं की होती तिथे परत. डॉक्टरांनी तपासून ठरावीक कारणासाठी दिलं तर गोष्ट वेगळी, दुकानातून स्वतः आणू नका. लोहाचं औषधही अंदाजाने सुरू करू नका, आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या, तुमच्या मुलाचा दुधाचा आकडा बघता ही तपासणी मी लवकरच करायला सांगेन. माती, खडू, भिंतीचा चुना चाटत असेल तर याच आठवड्यात. आणि हो, शी कशी होते ते तुम्ही लिहिलंच नाहीये! दूध जास्त, भाजी-फळ नाही, म्हणजे बद्धकोष्ठ असायची दाट शक्यता, आणि ज्याची शी चार दिवस अडकलीय त्याला भूक कुठून लागणार. दगडासारखी, दोनतीन दिवसांनी, रडत होत असेल तर आधी त्यावर उपचार, बाकी सगळं नंतर.

कधी वाट बघत थांबायचं नाही तेही सांगते. वजन घटतंय किंवा रेघ आडवी पडलीय, गिळताना दुखतं किंवा वारंवार ठसका लागतो, रोज उलटी, सगळे पदार्थ मिळून वीसच्या आत आणि त्यातले एकेक गळत चाललेत, ठरावीक स्पर्शाचं अन्न नुसतं दिसलं तरी ओकारी, किंवा बोलणं, नजर देणं यातही मागे वाटतोय, तर हा साधा नखरा नाही, बालरोगतज्ज्ञ आणि खाण्याच्या थेरपीचं काम करणारे लोक लागतील. तुमच्याकडे चारच पदार्थ आहेत म्हणून मी हे मुद्दाम लिहितेय. दूध उतरवल्यावर सहा ते आठ आठवड्यांत यादी हलायला लागली तर उत्तम, नाहीच हलली तर वाट बघत बसू नका.

उद्यापासून एवढंच करा, दोन दिवसांची वही आणि साडेदहाची बाटली. मोबाईल पुढच्या आठवड्यात, सगळं एकदम काढलं तर तुम्हीच तिसऱ्या दिवशी हार मानाल. वजन रोज करू नका, महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी. वही आणि रक्ताचा रिपोर्ट हातात आला की मला पाठवा, वहीत आजोबांची बिस्किटंही लिहा.